हजार रुपयांच्या टॅबच्या दोन पिढ्या

सुरतेच्या लिंबायत, उधना, दिंडोली, गोडादरा या भागांत गेल्या काही वर्षांत ज्या घरातलं मूल कॉलेजला गेलं, त्या घरच्या कपाटात एक सात इंची टॅब निघण्याचा संभव बराच आहे. गुजरात सरकारने २०१७ मध्ये नमो ई-टॅब्लेट योजना आणली. 'न्यू ॲव्हेन्यूज ऑफ मॉडर्न एज्युकेशन' या लांबलचक नावातून 'नमो' हेच लघुरूप कसं निघालं, ते सांगायला नको. विद्यार्थी गुजरातचा रहिवासी हवा, बारावी पास हवा आणि पदवीच्या किंवा डिप्लोमाच्या पहिल्या वर्षात त्याचा प्रवेश झालेला हवा, अशी अट होती. कॉलेजात हजार रुपये भरायचे आणि बाजारात आठ-नऊ हजारांना पडेल असा टॅब घरी न्यायचा. यंत्रमागावर, मिलमध्ये नाहीतर रिंग रोडच्या कापड मार्केटात पोट भरायला खानदेशातून आलेली कुटुंबं या भागांत दाट आहेत. त्यांची पोरंपोरी पालिकेच्या मराठी शाळेतून वीर नर्मद दक्षिण गुजरात विद्यापीठाच्या कॉलेजांपर्यंत पोचली, तेव्हा त्यांतल्या अनेकांचा हा पहिला स्वतःचा कॉम्प्युटर होता.

योजना पुढे सरकली तसा टॅबही बदलला. लेनोवो आणि एसर या कंपन्यांचे टॅब वाटले गेले. आधीच्या लॉटमध्ये १ जीबी रॅम, ८ जीबी साठवण, ३जी सिम, मागे २ आणि पुढे ०.३ मेगापिक्सेलचा कॅमेरा, अँड्रॉइड ५.१. नंतरच्या लॉटमध्ये २ जीबी रॅम, १६ जीबी साठवण, ४जी सिम, मागे ५ आणि पुढे २ मेगापिक्सेल, अँड्रॉइड ७.०. पडदा दोन्हींचा सात इंची, प्रोसेसर चार कोरांचा १.३ गिगाहर्ट्झचा, बॅटरी कागदावर तरी तेवढीच, ३४५० एमएएच.

टॅब हातात पडला की पोरं आधी कॅमेऱ्याची तुलना करणार, हे ओघानंच आलं. पण टॅब जुना होतो तो कॅमेऱ्यापायी नाही. कॅमेरा पहिल्या दिवशी जसे फोटो काढत होता, तसेच सहाव्या वर्षीही काढतो. नेटवर्क, ॲप, वेबसाइट यांचं मात्र तसं नाही. ती बाहेर बदलत राहतात, आणि टॅबमधले काही भाग त्यांच्याशी बांधलेले असतात. ते भाग मागे पडले की चांगला धडधाकट टॅब निकामी ठरतो. दोन पिढ्यांत खरी तुलना करायची ती या भागांची.

पहिला फटका सिमचा. रिलायन्स जिओची सेवा ५ सप्टेंबर २०१६ ला सुरू झाली, तीच मुळी नुसत्या ४जीवर. जिओकडे ३जी नव्हतंच. सगळा देश स्वस्त ४जी डेटावर तुटून पडला होता त्या काळात हाती आलेला ३जी टॅब घरातलं सर्वांत स्वस्त सिम घ्यायलाच तयार नव्हता. पुढे एअरटेलने २०१९ मध्ये कोलकात्यापासून आपलं ३जी आवरायला घेतलं आणि २०२० पर्यंत ते देशभर बंद केलं. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात टॅब टेकवला की कारागीर तो उघडण्याआधीच विचारतो, "ताई, हा आधीचा लॉट की नंतरचा?" आधीचा असेल तर सिमच्या खाचेकडे तो ढुंकूनही बघत नाही. सरळ स्वतःच्या फोनचा हॉटस्पॉट लावतो आणि टॅब वायफायवर घेतो. एकदा हॉटस्पॉट लागला की दोन्ही पिढ्यांतला हा फरक संपतो. नेटवर्कची उणीव अशी बाहेरून भरता येते.

रॅमची तशी भरता येत नाही. १ जीबी रॅम लिहिली असली तरी ती सगळी आपल्या वाट्याला येत नाही. मोठा हिस्सा अँड्रॉइड स्वतःकडे ठेवतं, त्यात पडद्याआड सतत चालणाऱ्या गुगल प्ले सर्व्हिसेसची भर. जे उरतं त्यात आपली ॲपं. २०२० च्या लॉकडाउनमध्ये वर्ग ऑनलाइन झाले तेव्हा या उरलेल्या जागेची परीक्षा झाली. सरांचा व्हिडिओ चालू आहे, मध्येच व्हॉट्सॲपवर नोट्सची पीडीएफ आली, ती उघडली, परत वर्गात आलं तर वर्ग गायब! अँड्रॉइडमध्ये रॅम संपत आली की मागे असलेली ॲपं न विचारता मारून टाकणारी एक यंत्रणा असते. सर्वांत जास्त काळ न वापरलेल्या ॲपचा बळी आधी जातो. २ जीबीच्या टॅबवर ती वेळ क्वचित येते. १ जीबीच्या टॅबवर पीडीएफ उघडायला तिने खुद्द वर्गालाच बाहेर काढलं. विद्यार्थी म्हणतात 'टॅब हँग झाला', आणि कारागीरही तेच म्हणतो, पण बिघडलेलं काहीच नसतं.

यात एक चुटपुट लावणारी गोष्ट आहे. १ जीबी आणि त्याहून कमी रॅमच्या उपकरणांसाठी गुगलने 'अँड्रॉइड गो' नावाची हलकी आवृत्ती काढली, ती २०१७ च्या डिसेंबरात. आधीच्या लॉटच्या टॅबना त्याच वर्षी पूर्ण वजनाचं अँड्रॉइड १ जीबीत कोंबून पाठवलं होतं.

साठवणीचं दुखणं जरा वेगळं. ८ जीबीतून अँड्रॉइड आणि आधीपासून भरलेली ॲपं वजा केली की हाताशी चार-पाच जीबी राहतात. व्हॉट्सॲपच्या 'सुप्रभात'च्या चित्रांनीच ती भरतात. भरल्यावर टॅब नुसता 'जागा नाही' म्हणत नाही, तो मंदही होतो. फ्लॅश मेमरीत एखादी नोंद बदलायची तर तेवढीच खोडता येत नाही. पाटीवरची एक ओळ बदलण्यासाठी सगळी पाटी पुसावी आणि बाकीच्या ओळी पुन्हा लिहाव्यात, तसा सगळा ठोकळा पुसून परत लिहावा लागतो. मोकळे ठोकळे हाताशी असले की हे काम बिनबोभाट होतं. ते संपले की साध्या टायपिंगलाही टॅब थबकतो. मेमरी कार्ड दोन्ही पिढ्यांत बसतं, पण त्यावर ठेवायचे ते सिनेमे आणि पीडीएफ. कार्डाला टॅबच्या आतल्या साठवणीतच जोडून घेण्याची सोय अँड्रॉइड ६ पासून आली. म्हणजे ५.१ ला ती मिळालीच नाही, ७.० ला मिळू शकते, कंपनीने वाट बंद केली नसेल तर.

स्वस्त सरकारी टॅबचा हा पहिलाच प्रयोग नव्हता. आकाश टॅबही अजून काहींच्या लक्षात असेल. ५ ऑक्टोबर २०११ ला दिल्लीत कपिल सिब्बल यांच्या हस्ते तो बाहेर आला. डेटाविंड कंपनीचा टॅब, राजस्थानच्या आयआयटीची देखरेख. प्रोसेसर ३६६ मेगाहर्ट्झ, रॅम २५६ एमबी, बॅटरी २१०० एमएएच, अँड्रॉइड २.२. वर्षभरात काम आयआयटी मुंबईकडे आलं, प्राध्यापक दीपक फाटक यांनी ते हाती घेतलं, आणि ११ नोव्हेंबर २०१२ ला राष्ट्रपती प्रणव मुखर्जींनी आकाश-२ चं उद्घाटन केलं. प्रोसेसर १ गिगाहर्ट्झ, रॅम ५१२ एमबी, बॅटरी ३००० एमएएच, अँड्रॉइड ४.०. विद्यार्थ्यांसाठीची किंमत १,१३० रुपये. नमो टॅबचा हजाराचा आकडा त्याच्याच आसपासचा आहे.

जुन्या-नव्याच्या तुलनेत आकाशची ही जोडी मला फार बोलकी वाटते, कारण तिथे एका वर्षात टॅब वापरण्याची रीतच बदलली. पहिल्या आकाशचा पडदा दाबून चालणारा. वर लवचीक थर, खाली काच, मध्ये केसभर फट. बोट दाबलं की दोन थर टेकतात आणि कुठे टेकले ते टॅबला कळतं. नखाने चालतो, पेनाच्या टोकाने चालतो, पण हलक्या बोटाने चालत नाही, आणि दोन बोटांनी चित्र मोठं करणं त्याला जमत नाही. आकाश-२ च्या काचेवर वीजवाहक पदार्थाचा पारदर्शक लेप आला. बोट जवळ आलं की तिथला विद्युतभार बदलतो, तेवढ्यावर काम होतं, दाब लागत नाही. नमोच्या दोन्ही पिढ्यांत हाच प्रकार आहे. त्याचा तोटा सुरतेच्या पावसाळ्यात कळतो. पाणीही वीज वाहतं, त्यामुळे काचेवर थेंब पडले की टॅब त्यांनाच बोटं समजतो आणि नको ती बटणं आपोआप दाबली जातात.

आपल्यासाठी त्याहून मोठी गोष्ट लिपीची. मूळ अँड्रॉइड २.२ ला देवनागरी येत नव्हती. कंपनीने वेगळी सोय केली नाही तर अक्षरांच्या जागी चौकोन दिसायचे, आणि नुसता फॉन्ट घातला तरी जोडाक्षरं सुटी पडायची, वेलांटी भलत्याच अक्षरावर बसायची. जोडाक्षरांसकट देवनागरी नीट उमटू लागली ती अँड्रॉइड ४.० पासून. प्रोसेसरची गती जवळजवळ तिप्पट झाली, हे कागदावर भारदस्त दिसतं. पण मराठी शाळेतल्या पोराला २.२ आणि ४.० मधला फरक वाचता येणं आणि न येणं यांतला होता.

वाचता येऊ लागल्यावर प्रश्न बारकाव्याचा. आकाशच्या सात इंचात ८०० बाय ४८० ठिपके म्हणजे इंचाला सुमारे १३३. आयपॅडच्या तिसऱ्या पिढीत इंचाला २६४ होते. रोमन अक्षर थोड्या ठिपक्यांतही ओळखू येतं. 'द्ध' आणि 'द्व', 'ष्ट' आणि 'ष्ठ' यांना ठिपके जास्त लागतात, नाहीतर दोन्ही सारखेच काळे डाग दिसतात. दोन टॅबांत निवड करायची असेल तर दुकानात नमुन्याचं फुलांचं चित्र बघण्यापेक्षा मराठी वर्तमानपत्राची पीडीएफ उघडून बघावी.

आयपॅडचं नाव निघालंच आहे, तर तिथली एक गंमत सांगण्यासारखी आहे. पहिला आयपॅड ३ एप्रिल २०१० ला विक्रीला आला. रॅम २५६ एमबी, कॅमेरा नाही. वर्षभराने, मार्च २०११ मध्ये, दुसरा आला. रॅम ५१२ एमबी, प्रोसेसर दोन कोरांचा, कॅमेरे आले, जाडी १३.४ वरून ८.८ मिलिमीटरवर. दुकानात बघणाऱ्याला जाडी आणि कॅमेरा दिसला. टिकला मात्र तो रॅम आणि प्रोसेसरमुळे. पहिल्या आयपॅडची प्रणाली २०१२ मध्ये आयओएस ५ वर थांबली, दुसऱ्याची आयओएस ९ पर्यंत गेली, म्हणजे २०१६ पर्यंत. मग मार्च २०१२ मध्ये तिसरा आयपॅड आला, चौपट ठिपक्यांचा डोळे दिपवणारा पडदा घेऊन. तेवढे ठिपके उजळायचे तर बॅटरी मोठी लागली, टॅब जाडजूड झाला, वजन ६०१ ग्रॅमवरून ६५२ वर गेलं. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात कंपनीने चौथा काढला आणि तिसऱ्याची विक्री थांबवली. या तिसऱ्याची प्रणालीही शेवटी आयओएस ९ वरच थांबली, एक वर्ष जुन्या दुसऱ्याच्या बरोबरीने. ज्याने तिसऱ्यासाठी जास्त पैसे मोजले त्याला पडदा नक्कीच देखणा मिळाला, आयुष्य मिळालं नाही.

अलीकडचंच बघायचं तर २०२१ चा नववा आणि २०२२ चा दहावा आयपॅड. दहाव्यात यूएसबी-सी आलं, पण त्याला चालणारी पेन्सिल जुन्याच लायटनिंग टोकाची ठेवली, त्यामुळे पेन्सिल चार्ज करायला वेगळा अडॅप्टर! महागातल्या कंपन्याही पिढी बदलताना असे टाके चुकवतात.

पुन्हा सुरतेच्या टॅबकडे. त्याची प्रणाली पुढे का सरकत नाही, हा प्रश्न सगळेच विचारतात. गुगल नवं अँड्रॉइड काढतं, पण ते तसंच्या तसं टॅबवर बसत नाही. आधी चिप बनवणाऱ्याने त्या चिपसाठी लागणारा भाग नव्याने लिहून द्यायचा, मग टॅब बनवणाऱ्याने तो सगळा जुळवायचा, तपासायचा, पाठवायचा. आठ हजारांचा टॅब एकदा विकून झाला की या साखळीतल्या कुणालाच त्यात पैसा दिसत नाही. अँड्रॉइड ८ मध्ये, म्हणजे ऑगस्ट २०१७ मध्ये, गुगलने 'ट्रेबल' नावाची व्यवस्था आणली. तिने चिपचा भाग आणि अँड्रॉइडचा भाग वेगळे केले आणि हे काम पुष्कळ सोपं केलं. नंतरच्या लॉटचं ७.० ही पायरी एका आकड्याने चुकलं.

म्हणून टॅब मिळाला त्या दिवशीच त्याच्या आयुष्याची दोरी बरीचशी मोजलेली होती. अँड्रॉइड ५ साठी क्रोमची शेवटची आवृत्ती ९५ वी, २०२१ मधली. अँड्रॉइड ७ साठी ११९ वी, २०२३ मधली. व्हॉट्सॲपने २४ ऑक्टोबर २०२३ पासून अँड्रॉइड ५ च्या खालच्यांना रामराम केला, तेव्हा आधीचा लॉट अगदी उंबरठ्याच्या आत राहिला.

एक गोष्ट मात्र दोन्ही लॉटना सारखीच नडली, आणि ती कुठल्याही माहितीपत्रकात नसते. एखादी वेबसाइट उघडताना 'तुमचं कनेक्शन सुरक्षित नाही' असा लाल इशारा येतो. साइट ठीक असते, नेट ठीक असतं. प्रकार असा, की वेबसाइट आपली ओळख पटवायला एक प्रमाणपत्र दाखवते. ते कुणी दिलं, आणि त्या देणाऱ्यावर विश्वास ठेवायचा का, याची यादी टॅबच्या आत असते. ही यादी प्रणालीबरोबर येते आणि प्रणाली थांबली की तीही थिजते. 'लेट्स एन्क्रिप्ट' ही संस्था फुकट प्रमाणपत्रं देते, जगभरच्या असंख्य साइटी तिचीच वापरतात. तिचं मूळ प्रमाणपत्र अँड्रॉइडच्या यादीत आलं ते ७.१.१ पासून. त्याआधीच्या अँड्रॉइडसाठी ती एका जुन्या संस्थेच्या नावावर काम भागवत होती. त्या जुन्या मूळ प्रमाणपत्राची मुदत ३० सप्टेंबर २०२१ ला संपली, जुन्या उपकरणांसाठी केलेली खास तजवीज २०२४ मध्ये संपली. ५.१ आणि ७.० दोन्ही ७.१.१ च्या आधीचे! रॅम दुप्पट, साठवण दुप्पट, तरी या दारात दोन्ही पिढ्या एकाच रांगेत.

यावर उपाय आहे. फायरफॉक्स हा ब्राउझर टॅबच्या यादीवर विसंबत नाही, स्वतःची यादी बरोबर आणतो, म्हणून त्याची जुनी चालणारी आवृत्ती असेल तर त्याच साइटी उघडतात. पण त्याआधी आणखी सोपी गोष्ट बघायची. बॅटरी पूर्ण उतरून टॅब बरेच दिवस पडून राहिला असेल तर त्याची तारीख मागे जाते. टॅबच्या लेखी अजून २०१५ सालच चालू असेल तर आजचं प्रमाणपत्र त्याला भविष्यातलं वाटतं आणि तो तोच इशारा देतो. कारागीर म्हणूनच आधी तारीख बघतो. माहीत नसलेला माणूस त्याच कामाचे दोनशे रुपये देऊन येतो.

बॅटरीपाशी मात्र कागदावरचं साम्य फसवं आहे. ३४५० एमएएच, ३.७ व्होल्ट, म्हणजे पावणेतेरा वॉट-तासांच्या आसपास. पहिल्या आयपॅडमध्ये २५ होते. लिथियमची बॅटरी वापराने झिजते तशी नुसत्या वयानेही झिजते, आणि भरलेल्या अवस्थेत उन्हात ठेवली तर जास्तच. पत्र्याच्या खोलीत, टीव्हीच्या वर, चोवीस तास चार्जिंगला लावून ठेवलेला टॅब दोन उन्हाळ्यांत म्हातारा होतो. उलट पूर्ण उतरवून कपाटात टाकलेला टॅब कधीकधी पुन्हा सुरूच होत नाही. ठेवायचाच असेल तर निम्मा भरून, बंद करून, आणि तीन-चार महिन्यांनी एकदा आठवण ठेवून थोडा चार्ज करून. पाठ फुगलेली दिसली, काच कडेने उचलली गेली, तर आत वायू धरलाय. दाबायचं नाही, टोचायचं नाही, चार्जिंगला तर लावायचंच नाही. बॅटरी बदलून मिळते. जुनी मात्र कचऱ्याच्या गाडीत टाकू नये, ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यावी.

आजच्या घडीला या दोन पिढ्यांना काम काय? आधीच्या लॉटकडून ऑनलाइन काही करून घ्यायचा हट्ट सोडावा. कार्डावर पाठ्यपुस्तकांच्या पीडीएफ, पाढ्यांचे आणि गाण्यांचे व्हिडिओ भरून दिले, वायफाय बंद ठेवलं, तर तो दुसरी-तिसरीतल्या मुलाचा चांगला सोबती होतो, आणि नेटच नसल्याने आईबापांची एक काळजीही मिटते. नंतरच्या लॉटवर वाचन, व्हिडिओ, अधूनमधून ब्राउझर एवढं अजून निभतं. बँकेची ॲपं आणि यूपीआय मात्र दोन्हींवर ठेवू नयेत. ज्या प्रणालीला कित्येक वर्षांत सुरक्षेचं अपडेट नाही, तिच्यावर पैशाचा व्यवहार करण्यात शहाणपण नाही, ॲप चालत असलं तरी.

असे टॅब सेकंडहँडमध्ये सर्रास फिरतात. घेणाऱ्याने किंमत विचारण्याआधी सेटिंगमध्ये जाऊन अँड्रॉइडचा आकडा आणि सुरक्षा अपडेटची तारीख बघावी. टॅब किती वर्षांचा झाला हे विकणारा सांगतोच, किती वर्षं उरली हे ती तारीख सांगते. आणि एक चाचणी न चुकता करावी. अँड्रॉइड ५.१ पासून चोरी रोखण्यासाठी एक कुलूप आलं. टॅब रिसेट मारला तरी सुरू होताना तो आधीच्या मालकाचा जीमेल आणि पासवर्ड मागू शकतो. तेव्हा विकणाऱ्यासमोरच टॅब रिसेट करून पुन्हा चालू करावा आणि जुना जीमेल मागितला तर पैसे खिशातच ठेवावेत. तो पासवर्ड विकणाऱ्यालाही बहुधा आठवत नसतो, कारण टॅब मिळाला त्या दिवशी कॉलेजच्या आवारातच कुणीतरी मित्राने घाईघाईत काढून दिलेला तो जीमेल असतो.